उंडीच्या तेलावर एस. टी. धावेल काय?

एखादी जुनी, भरलेली एस. टी. मंडणगडच्या चढणीला लागते तेव्हा तिच्या मागे उभे राहून पाहा. चालक गिअर बदलतो, इंजिनाचा आवाज जड होतो आणि नळीतून काळा धूर बाहेर पडतो. हा काळा धूर म्हणजे पुरता न जळालेला कार्बन. चढणीवर इंजिनात डिझेल जास्त जाते, परंतु त्यातल्या प्रत्येक थेंबाला वेळेवर पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही.

आता चढणीकडून किनाऱ्याकडे वळू. वेळास-बाणकोटच्या बाजूला उंडीची झाडे तुम्ही पाहिली असतील. गोल फळे, आत कठीण कवच आणि त्यात तेलकट गर. हे तेल खाण्याजोगे नाही, पण रॉकेल येण्यापूर्वी कोकणातल्या कितीतरी घरांत दिवे त्यावरच जळत. जे तेल दिव्यात जळते ते इंजिनात का जळू नये?

प्रश्न नवा नाही. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक लहान डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. तेल जळते याबद्दल शंका नाहीच. अडचण आहे ती त्याच्या दाटपणाची. पदार्थविज्ञानात याला श्यानता म्हणतात, म्हणजे द्रवाने वाहण्याला केलेला विरोध. ४० अंश सेल्सिअसला वनस्पती तेलाची श्यानता डिझेलच्या सुमारे दसपट असते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबामुळे तापलेल्या हवेत इंधनाचा अतिशय बारीक फवारा उडतो आणि तो आपोआप पेटतो. दाट तेलाचा फवारा बारीक होत नाही, थेंब मोठे राहतात, ते अर्धवट जळतात आणि फवाऱ्याच्या तोंडाशी काजळी धरते. दिव्याच्या वातीला घाई नसते. इंजिनाला मात्र एका सेकंदाच्या काही हजाराव्या भागात काम उरकायचे असते.

मग तेल पातळ कसे करावे? तापवून ते पातळ होते, पण तेवढ्याने भागत नाही. रसायनशास्त्राने सुचवलेली युक्ती अशी. तेलाचा रेणू तीन दातांच्या फणीसारखा असतो. फणीची पाठ म्हणजे ग्लिसरीन आणि तिला जोडलेले तीन लांब दात म्हणजे मेदाम्ले. उत्प्रेरक म्हणून थोडा कॉस्टिक सोडा घेऊन तेलावर मिथेनॉलची क्रिया केली की दात पाठीपासून सुटतात आणि प्रत्येक दाताला मिथेनॉलचा तुकडा जोडला जातो. हे सुटे दात म्हणजेच बायोडिझेल. १०० किलो तेलाला सुमारे ११ किलो मिथेनॉल लागते. जवळजवळ १०० किलो बायोडिझेल आणि १० किलोंच्या आसपास ग्लिसरीन मिळते. ग्लिसरीन जड असल्याने तळाशी बसते. उंडीच्या तेलात मात्र सुटी मेदाम्ले बरीच असतात. त्यावर सरळ सोडा घातला तर साबण होतो, म्हणून आधी आम्लाची एक वेगळी क्रिया करावी लागते. (मिथेनॉल विषारी व ज्वालाग्राही आहे. हा प्रयोग घरी करून पाहू नये.)

तयार झालेले इंधन डिझेलइतकेच सहज वाहते. त्याच्या वजनाचा सुमारे दहावा हिस्सा ऑक्सिजनच असतो. चढणीवरच्या ज्या थेंबाला ऑक्सिजन कमी पडत होता, तो आता थोडी शिदोरी बरोबर घेऊन येतो. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००२ साली मोठ्या वाहनांच्या अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या. शुद्ध बायोडिझेलवर धुरातील कण आणि कार्बन मोनॉक्साइड जवळजवळ निम्म्याने घटले होते. नायट्रोजनची ऑक्साइडे मात्र सुमारे दहा टक्क्यांनी वाढली होती. गंधक जवळपास नाहीच. शिवाय डिझेलपेक्षा ते उशिरा पेट घेते. त्याची वाफ ठिणगीने पेटायला शंभर अंशांहून अधिक तापमान लागते, त्यामुळे साठवण अधिक सुरक्षित.

आता दुसरी बाजू. एका लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते, बायोडिझेलमध्ये सुमारे ३३. म्हणजे लिटरला ५ किलोमीटर जाणारी गाडी ४.६ किलोमीटर जाईल. जुन्या गाडीतल्या रबरी नळ्या त्याने फुगतात. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला मळ ते सोडवते आणि सुरुवातीला फिल्टर तुंबतो. मंडणगडसारख्या गावी सर्वांत त्रासदायक गोष्ट वेगळीच आहे. बायोडिझेल हवेतले पाणी डिझेलपेक्षा जास्त शोषते, त्या पाण्यात सूक्ष्मजीव वाढतात आणि हवा लागून इंधन खवट होते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात उघडीवाघडी टाकी म्हणजे त्याचा नाशच. उत्तरेकडे थंडीत ते गोठू लागते, ती चिंता मात्र आपल्याला नाही.

हे दोष उपाय करण्याजोगे आहेत. नळ्या बदलता येतात, टाकी बंद ठेवता येते, आणि डिझेलमध्ये पाचवा हिस्सा मिसळला तर ऊर्जेतला फरक दोन टक्क्यांच्याही आत राहतो. खरी अडचण गणिताची आहे. कागद-पेन्सिल घ्या.

समजा, एक एस. टी. रोज ३०० किलोमीटर धावते आणि तिला ६० लिटर इंधन लागते. त्यातला पाचवा हिस्सा बायोडिझेल, म्हणजे १२ लिटर. वर्षाला ४३८० लिटर. एका मोठ्या उंडीखाली वेचून, फोडून, सुकवून १० किलो गर मिळाला आणि घाण्यावर त्याचे ५ लिटर तेल निघाले असे धरू. ४३८० ला ५ ने भागा. पावणेनऊशे झाडे झाली! तीही एका गाडीच्या पाचव्या हिश्श्यासाठी.

आता देशाचे गणित. २०२३-२४ या वर्षात भारतात सुमारे ९ कोटी टन डिझेल खपले. २०१८ च्या जैवइंधन धोरणाने २०३० पर्यंत पाच टक्के बायोडिझेल मिसळण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे, म्हणजे ४५ लाख टन. हेक्टरी एक टन तेल, असा बराच उदार अंदाज केला तरी ४५ लाख हेक्टर जमीन हवी. रत्नागिरी जिल्ह्याचे क्षेत्रफळ आहे सुमारे ८ लाख २० हजार हेक्टर. असे साडेपाच जिल्हे, त्यात एकही घर, शेत वा आंब्याची बाग नसलेले!

या गणिताचा अनुभव आपण एकदा घेतलाही आहे. २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडाची मोठी लागवड सुचवली आणि २०११-१२ पर्यंत वीस टक्के मिश्रणाची आशा बाळगली. पडीक जमिनीत हे झुडूप जगते, कोकणात कुंपणाला आपण ते लावतोच. पण जगणे वेगळे आणि भरघोस फळणे वेगळे. बियांसाठी त्यालाही खत आणि पाणी लागते, आणि ते द्यायचे तर मग भातालाच का देऊ नये, असे शेतकऱ्याने विचारले तर त्याचे काय चुकले? वीस टक्क्यांच्या जवळपासही आपण पोचलो नाही.

म्हणून माझ्या मते बायोडिझेलसाठी नवी जमीन शोधण्याआधी, जे तेल नाहीतरी वाया जाते ते शोधावे. तळणीचे तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात अपायकारक संयुगे साठतात. १ जुलै २०१८ पासून अशा ध्रुवीय संयुगांवर २५ टक्क्यांची मर्यादा आहे. त्यापलीकडे ते तेल खाण्यास वापरता येत नाही. पण त्याचे बायोडिझेल होते. त्याला शेत लागत नाही, पाणी लागत नाही. लागतो तो वड्यांच्या गाडीपासून कारखान्यापर्यंत डबे गोळा करत हिंडणारा माणूस, आणि त्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

तुमच्या गावातली उंडीची आणि करंजाची झाडे या सुट्टीत मोजा. एका झाडाखालचे बी आठवडाभर वेचून, सुकवून तोला. मी धरलेला १० किलोंचा आकडा जास्त होता की कमी, ते तुम्हालाच कळेल. मग वरचे भागाकार पुन्हा करून पाहा.