कुंपणावरची घाणेरी डोंगरावर

प्रश्न : शेतघराच्या कुंपणाला हौसेने रंगीत घाणेरी लावली. आता ती मागच्या डोंगरावरही दिसते. छाटत राहिलं तर आटोक्यात येईल का?

उत्तर : नाही. छाटलेली घाणेरी (टणटणी) बुंध्यातून आणखी जोमाने फुटते. मूळची ही अमेरिकेतली. इंग्रजांनी 19व्या शतकात शोभेसाठी आणली. पुढचं काम बुलबुलांनी केलं. काळी फळं खाऊन ते बिया रानोमाळ टाकतात. तुमच्या डोंगरावरची पेरणीही त्यांचीच, पण बियाणं तुमचं! जाळूही नका, बुंधा पुन्हा फुटतो. पावसाने जमीन भुसभुशीत झाली की, फळं पिकण्याआधी, कुदळीने मुख्य मूळ जमिनीखाली दोन-तीन इंचांवर तोडा आणि झुडूप उलटं ठेवा, म्हणजे ते पुन्हा रुजत नाही. रोपं पुढची काही वर्षं उपटावी लागतील. कुंपणाला निरगुडी लावा. तिला गुरं सहसा तोंड लावत नाहीत.