जुन्या ट्रॅक्टरला वापरलेला लोडर : घेताना आणि बसवताना



उसाची लागण जवळ आली की शेणखत, कंपोस्ट आणि प्रेसमड शेतात नेण्याची घाई होते. घमेल्याने ट्रॉली भरायला मजूर मिळत नाहीत. म्हणून चांदूर बाजार भागातले काही कास्तकार घरच्या जुन्या ट्रॅक्टरला वापरलेला फ्रंट लोडर बसवतात. विचार चांगला आहे. पण गेल्या हंगामात एका सभासदाकडे आम्ही गेलो, तेव्हा ट्रॅक्टर मधोमध उघडून ठेवलेला दिसला. लोडरचे ब्रॅकेट नुसते इंजिनाच्या बाजूला कसले होते. क्लच हाऊसिंगच्या जोडाजवळ बीड तडकले. "स्वस्तात भेटला जी साहेब, म्हणून घेऊन टाकला," ते म्हणाले. असे दुसऱ्या कोणाचे होऊ नये म्हणून हा लेख.

१. आधी ट्रॅक्टर ओळखावा

मॅसी फर्ग्युसन १०३५ किंवा महिंद्र बी-२७५ यांसारखे जुने ट्रॅक्टर नांगर-वखर मागे जोडण्यासाठी बनले. त्यांना ट्रकसारखी वेगळी चासी नसते. इंजिन, क्लच हाऊसिंग आणि गिअरबॉक्स हे बिडाचे भाग एकमेकांना बोल्टने जोडून ट्रॅक्टरचा कणा होतो. पुढचा आस हलका असतो आणि ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात.

बंडीत मागे भार जास्त झाला की ती उलार होते, हे आपण जाणतोच. लोडरमध्ये नेमके उलटे घडते. समजा, बकेटीत ३०० किलो खत आहे, बकेटीचा मध्य पुढच्या आसाच्या १.२५ मीटर पुढे आहे आणि दोन आसांत २ मीटर अंतर आहे. तर मागच्या चाकांवरून सुमारे १९० किलो भार उचलला जातो आणि पुढच्या आसावर ४९० किलो वाढतो. लोडरचे स्वतःचे वजन वेगळेच. मागची चाके हलकी झाली की ब्रेक दाबूनही ट्रॅक्टर घसरतो.

२. लोडर पारखावा

(अ) सपाट जागी बकेट टेकवावी. एक कोपरा उंच राहिला तर भुजा पिळलेल्या आहेत.
(आ) पिन-बुश हलवून पाहावेत. जुन्या वेल्डिंगवर रंग फासलेला असेल तर खरवडून पाहावे.
(इ) भरलेली बकेट थोडी उचलून, खाली कोणी नाही हे पाहून, दहा मिनिटे तशीच ठेवावी. ती खाली बसत गेली तर सिलिंडरचे सील किंवा व्हॉल्व्ह गळतो आहे. सिलिंडरच्या दांड्यावर गंज किंवा ओरखडे असतील तर नवे सीलही टिकत नाही.
(ई) होसपाइप तडकलेले असतील तर नवे टाकण्याचा खर्च किमतीत धरावा. गळती हाताने चाचपू नये. दाबाचे तेल कातडीत घुसते आणि बोट, प्रसंगी हात गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून पाहावे.

३. बसवताना

लोडरची चौकट पुढच्या आसाच्या ब्रॅकेटपासून थेट मागच्या आसाच्या हाऊसिंगपर्यंत न्यावी, म्हणजे भार बिडाच्या जोडांवर येत नाही. बिडाला नवे भोक पाडू नये, वेल्डिंग तर मुळीच करू नये. बोल्ट ८.८ ग्रेडचे असावेत आणि पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा कसावेत.

शक्य तर लोडरला वेगळा पंप, तेलाची टाकी आणि रिलीफ व्हॉल्व्ह द्यावा. ट्रॅक्टरच्याच तेलावर चालवायचा असेल तर सिलिंडर भरल्यावर तेलाची पातळी उतरते, ती पुन्हा तपासावी. पुढचे टायर जास्त प्लायचे घ्यावेत. किंगपिन आणि चाकाचे बेअरिंग आधी दुरुस्त करावेत.

मागे वजन पाहिजेच. मागच्या आसाच्या १ मीटर मागे ३०० किलोची काँक्रीटची पेटी पक्की बसवली, तर वरच्या उदाहरणात पुढचा १५० किलो भार उतरतो आणि मागे ४५० किलो वाढतो.

४. चालवताना

भरलेली बकेट जमिनीलगत ठेवून हळू चालावे. ओल्या काळ्या मातीत पुढची चाके रुततात, तेव्हा खताचा ढीग पक्क्या जागी करावा. उचललेल्या बकेटीखाली कोणी जाऊ नये, आणि पोरांना तर बकेटीत कधीच बसवू नये. काम संपले की बकेट जमिनीवर टेकवावी.

५. हिशेब

लोडर, बसवणी, टायर, होसपाइप आणि मागचे वजन असा सगळा खर्च एका कागदावर मांडावा. शेजारी वर्षाला किती ट्रॉल्या भरायच्या, तेवढ्या कामाला जेसीबीचे तासाचे भाडे किती पडते, ते लिहावे. थोड्याच ट्रॉल्या असतील तर भाडेच परवडते. चार-पाच भाऊबंदांचे काम मिळून असेल तर लोडर फिटतो. ट्रॅक्टरमध्ये बदल करण्यापूर्वी आर.टी.ओ. आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

सौदा करण्यापूर्वी जाणता मिस्त्री सोबत न्यावा. त्याची एका दिवसाची मजुरी ट्रॅक्टरच्या फुटलेल्या हाऊसिंगपेक्षा केव्हाही कमीच पडते.

— ऊस विकास अधिकारी