पालघरचा चुनखडक आहे कुठे?

प्रश्न : मी बोईसरला राहतो. ओहोटीच्या वेळी चिंचणीच्या किनाऱ्यावर मला एक खडबडीत दगड मिळाला. त्यात वाळू आणि शिंपल्यांचे तुकडे घट्ट चिकटले आहेत. उथळ समुद्राच्या तळाशी शिंपले साचून चुनखडक तयार होतो आणि त्यात जीवाश्म मिळतात, असं शाळेत शिकलो होतो. मग हा दगड म्हणजे जीवाश्म का? आणि समुद्र इतका जवळ असूनही आमच्या डोंगरांत आणि खदानींत सगळीकडे काळाच दगड का?
– एक वाचक, बोईसर

उत्तर : आधी हातातल्या दगडाबद्दल. तुमच्या वर्णनावरून तो किनाऱ्यावरच घडलेला खडक दिसतो. भूशास्त्रज्ञ त्याला बीचरॉक म्हणतात, कोकणात तो करळ या नावानेही ओळखला जातो. भरती-ओहोटीच्या पट्ट्यात वाळू, गोटे आणि शिंपल्यांचा चुरा साचतो. त्यातून पाणी झिरपतं, उन्हाने आटतं, पुन्हा भरती येते. असं होत असताना पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम कार्बोनेट कणांमधल्या फटींत स्फटिक होऊन बसतं आणि सगळं एकमेकांना जखडून टाकतं. पृथ्वीच्या हिशेबात हे काम फारच झटपट होतं. जगातल्या काही किनाऱ्यांवर अशा खडकात काचेच्या बाटल्या पक्क्या रुतलेल्या सापडल्या आहेत. कोकण किनाऱ्यावरचे असे थर साधारण काही हजार वर्षांच्या घरातले आहेत.

दगड तरुण आहे याचा पुरावा त्याच्या अंगावरच असतो. त्यातले शिंपले नीट पाहा. कालवं, तिसऱ्या, शिवल्या, छोटे शंख असे आजही बाजारात आणि वाळूत दिसणारे प्रकारच त्यात असतील. एखाद्या शिंपल्यावर मूळ रंगाची छटाही टिकलेली असते. साधारण दहा हजार वर्षांहून जुन्या अवशेषांना जीवाश्म म्हणण्याचा प्रघात आहे. त्या कसोटीवर तुमच्या दगडातले शिंपले जीवाश्म होण्याच्या वाटेवर आहेत, अजून झालेले नाहीत. तरीही दगडाचं मोल कमी होत नाही. करळीचा मूळ जागेवरचा थर म्हणजे तो घडला त्या काळी समुद्राची पातळी कुठे होती याची नोंद असते.

घरी एक परीक्षा करून पाहा. दगडाचा कोपरा खिळ्याने खरवडा आणि निघालेल्या पुडीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका. बुडबुडे आले तर चुना आहे. हीच परीक्षा खदानीतल्या काळ्या दगडावर केली तर काही होणार नाही. मात्र एक सावधगिरी बाळगा. काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक असतात. त्यांपैकी कॅल्साइट असेल तर तोही फसफसतो. क्रशरवर असे पांढरे तुकडे पाहून अनेकांना शिंपले किंवा हाडं सापडल्यासारखं वाटतं. ती खनिजं आहेत. लाव्हा थिजल्यावर त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांच्या जागी, पुढे झिरपलेल्या पाण्यातून ती बसली. गारगोटी आणि झिओलाइट हीही त्याच कुळातली मंडळी.

आता मुख्य प्रश्न. पालघर, मनोर, जव्हार, वाडा, जिकडे पाहाल तिकडे काळा पाषाण दिसतो तो बेसॉल्ट आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हा फुटून वाहिला, थरावर थर चढले आणि आधी जे काही होतं ते त्यांच्याखाली गाडलं गेलं. थिजलेल्या लाव्हात जीवाश्म मिळण्याची आशा फार थोडी, कारण जिवाचे अवशेष टिकायला गाळ लागतो. हा लाव्हाही समुद्रात साचलेला नाही, जमिनीवर पसरलेला आहे. त्यामुळे आपल्या डोंगरांत समुद्री शिंपले शोधणं म्हणजे चुकीच्या जागी शोधणं.

दोन लाव्हांच्या मधल्या शांत काळात मात्र तळी, दलदली तयार झाल्या आणि त्यांच्या चिखलात काही जीव टिकले. मुंबईत वरळीला अशा थरांत इवल्याशा बेडकांचे सांगाडे मिळाले. रिचर्ड ओवेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं. आज त्या बेडकाला इंडोबॅट्रॅकस म्हणतात. त्याच परिसरातल्या कासवाचं वर्णन १८५२ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेन्री जॉन कार्टर यांनी केलं. ही सगळी तळ्यातली, दलदलीतली मंडळी. समुद्राची खूण तिथे शोधून उपयोग नाही.

लाव्हाच्या आधी महाराष्ट्राच्या उत्तरेला समुद्र आला होता, तो नर्मदेच्या खोऱ्यातून. नऊ-दहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून आत शिरलेल्या त्या उथळ समुद्राचे थर मध्य प्रदेशात बाग या गावाच्या परिसरात दिसतात. त्यात अमोनाइट, समुद्री अर्चिन, कालवं, शार्कचे दात मिळतात. तिथला चुनखडक मांडूच्या जुन्या इमारतींत वापरला गेला. हे थर बेसॉल्टच्या खालून डोकावतात. सगळीकडे असं काही असतंच असं नाही. साताऱ्याकडे कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल छिद्र पाडलं तेव्हा सुमारे ९३३ मीटर बेसॉल्ट संपल्यावर थेट ग्रॅनाइट लागला, मध्ये गाळाचा थर नव्हताच.

मग लाव्हा थांबल्यानंतरच्या सहा कोटी वर्षांत समुद्राने इथे चुनखडक का घडवला नाही? याचं उत्तर मला या संपूर्ण विषयातलं सर्वांत सुंदर वाटतं. त्याने घडवला, आणि भरपूर घडवला. फक्त तो आपल्या पायाखाली नाही, पश्चिमेला समुद्राच्या तळाखाली आहे.

दख्खनचा लाव्हा वाहत होता त्याच सुमारास भारतापासून सेशेल्सचा भूखंड तुटून दूर गेला. तुटलेली कड खचू लागली. आपल्या किनारपट्टीतले बेसॉल्टचे थर पश्चिमेकडे कलले आहेत. पनवेलपासून उत्तरेकडे जाणाऱ्या या वाकाला पनवेल फ्लेक्झर म्हणतात. सातिवली, वज्रेश्वरी, गणेशपुरीचे गरम पाण्याचे झरे याच भेगाळलेल्या पट्ट्यात आहेत. म्हणजे तुमच्या घराजवळचा काळा दगड किनाऱ्यावर संपत नाही. तो खाली झुकत समुद्राखाली जातो आणि त्याच्यावर सहा कोटी वर्षांचे गाळाचे थर बसले आहेत.

तेलाच्या शोधात तिथे छिद्रं पाडली गेली आणि ते थर माणसाच्या हाती आले. फेब्रुवारी १९७४ मध्ये सागरसम्राट या तेलविहिरी खोदणाऱ्या रिगने मुंबईच्या वायव्येला, सुमारे १६० किलोमीटरवर बॉम्बे हायचं तेल शोधलं. मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालं. हे तेल कुठल्या गुहेत किंवा भुयारात साठलेलं नाही. ते चुनखडकाच्या सूक्ष्म छिद्रांत आहे. तो खडक साधारण दोन कोटी वर्षांपूर्वी उबदार, उथळ, स्वच्छ समुद्रात साचला आणि तो फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांनी भरलेला आहे. त्याच्या पूर्वेला, आपल्या किनाऱ्याच्या अधिक जवळ वायूचं मोठं क्षेत्र आहे. तो वायू आणखी जुन्या, चार कोटी वर्षांच्या आसपासच्या चुनखडकात आहे. त्या क्षेत्राला आणि त्या थराला भूशास्त्रात वसईचं जुनं नाव मिळालं आहे, बॅसीन. तिथला वायू समुद्राखालच्या नळाने गुजरातमधल्या हजिऱ्याला जातो.

वसईच्या या थराच्या काळात नम्युलाइट नावाचे जीव भरभराटीला आले होते. एकाच पेशीचा जीव, पण कवच एखाद्या नाण्यासारखं चपटं, कधी नखाएवढं तर कधी रुपयाहून मोठं. गीझाचे पिरॅमिड ज्या चुनखडकाचे आहेत तोही याच नम्युलाइटांनी भरलेला. त्या काळी इजिप्तपासून कच्छपर्यंतच्या उथळ समुद्रांत हे जीव पसरले होते.

आता तुमच्या गावाशी जोडणारी गोष्ट. समुद्राखालच्या या थरांना किनाऱ्यावरच्या गावांची नावं आहेत. अलिबाग, रत्नागिरी, देवगड, वांद्रे, पनवेल. आणि सर्वांत वरच्या, मध्य मायोसीन या भूशास्त्रीय काळापासून आजवर साचत आलेल्या चिकणमातीच्या थराचं नाव आहे चिंचणी. या नावात आणखी एक धडा आहे. चिंचणीचा थर चिखलाचा आहे, चुन्याचा नाही. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीपासून या समुद्रात गाळ वाढला आणि चुनखडकाचे दिवस संपले. प्रवाळ आणि चुन्याची कवचं बनवणारे कित्येक जीव गढूळ पाण्यात तग धरत नाहीत. प्रकाश कमी पडतो, कवचांवर चिखल बसतो. आजही खंबातच्या आखातातून नर्मदा-तापीचा आणि इकडून वैतरणेचा गाळ येत असल्याने डहाणू-तारापूरचं पाणी मातकट असतं. अशा समुद्राच्या काठी कितीही शिंपले असले तरी चुनखडकाचा जाड, स्वच्छ थर घडत नाही. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग इथे सुटतो. समुद्र जवळ असणं पुरेसं नाही, पाणी उथळ, उबदार आणि निर्मळ असावं लागतं, तळ हळूहळू खचत राहावा लागतो आणि तो थर नंतर वर उचलला जावा लागतो. पालघरच्या किनाऱ्यावर ही तिसरी अट पूर्ण झाली नाही.

चुन्याची एक ताजी पायरीही समुद्रात आहे. शेवटच्या हिमयुगात, साधारण वीस हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. मुंबई-डहाणूसमोरचा समुद्र फार दूरपर्यंत उथळ आहे, म्हणून तेव्हा किनारा आजच्या किनाऱ्यापासून कित्येक कोसांवर होता. बर्फ वितळून पाणी चढू लागलं तसे नदीचे गाळ मागे राहिले आणि बाहेरच्या पट्टीवर काही काळ चुना साचला. फिफ्टी फॅदम फ्लॅट नावाच्या त्या सपाटीवरचे चुन्याचे अवशेष गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी अभ्यासले आहेत.

एवढं वाचल्यावर तुम्ही म्हणाल, पाहायचं कुठे? समुद्राखालचा थर दाखवता येत नाही. पण त्याच काळातला नम्युलाइटचा चुनखडक सुरत-भरूचच्या पूर्वेकडच्या टेकड्यांत, तापी आणि नर्मदेच्या दरम्यान उघडा पडला आहे. तिथे तो बेसॉल्टवर बसलेला डोळ्यांनी दिसतो. समुद्राखाली जी रचना आहे तीच तिथे जमिनीवर मिळते, म्हणून एकदा तरी तिकडे जाऊन यावं. तेवढं जमत नसेल तर डहाणू लोकलने चर्चगेटला उतरा आणि फोर्ट भागातल्या एकोणिसाव्या शतकातल्या इमारती पाहा. काळपट बेसॉल्ट आणि मालाडच्या पिवळसर दगडाबरोबर फिकट मलईच्या रंगाचा कोरीव दगड दिसेल. तो पोरबंदरचा. हिमयुगांच्या काळातला हा चुनखडक सूक्ष्म समुद्री कवचांच्या कणांनी बनलेला आहे. कार्टर यांनीच त्याला १८४९ मध्ये मिलिओलाइट हे नाव दिलं. भिंग जवळ असेल तर कोरीव कामाला हात न लावता जवळून पाहा, गोलसर कण ओळखता येतील.

शेवटी एक विनंती. करळीचा सुटा तुकडा मिळाला तर ठेवा, पण मूळ जागेवरचा थर पहारीने फोडू नका. तुटलेला थर समुद्राच्या जुन्या पातळीबद्दल काही सांगू शकत नाही आणि लाटांचा मारा अडवण्याचं कामही त्याच्या हातून जातं. जो तुकडा ठेवाल त्याच्याबरोबर एक चिठ्ठी ठेवा. ठिकाण, तारीख, भरतीच्या रेषेपासून किती अंतरावर होता, आणि जमिनीत रुतलेला होता की सुटा. ही चिठ्ठी नसेल तर पुढच्या अभ्यासकासाठी तो नुसता शिंपल्यांचा दगड उरतो.