शाळेतील हिवतापाचा पाठ

रत्नागिरी जिल्ह्यात शेतीचा व हिवतापाचा हंगाम एकाच वेळी येतो. मृगाच्या सरी कोसळल्या की तरव्याची पेरणी, मागाहून चिखलणी व लावणी अशी कामे एकापाठोपाठ निघतात. अशा दिवसांत घरातील कर्ता माणूस हुडहुडी भरून अंथरुणास खिळला, तर खाचर तसेच राहते, तरव्यातील रोपे जून होतात व ऐनवेळी मजूर मिळत नाही. हिवताप हा केवळ दवाखान्याचा प्रश्न नसून तो शेतीचाही प्रश्न आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

या रोगाची माहिती घरोघर पोहोचविण्याचे सर्वांत सोपे साधन म्हणजे गावची शाळा होय. वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असल्या तरी प्रत्येक वाडीतील मूल शाळेत येते. कृषी पदवीच्या अंतिम वर्षातील विद्यार्थी कार्यानुभवासाठी खरीप हंगामात गावात राहतात. महाविद्यालयांतील राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवकही गावी येतात. त्यांनी व गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मुख्याध्यापकांच्या संमतीने आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सहकार्याने हा पाठ घ्यावा.

पाठाची गरज

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी सुमारे ७।। कोटी लोकांना हिवताप होत असे व सुमारे ८ लाख लोक त्यास बळी पडत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला व १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघर डी.डी.टी. फवारल्यामुळे १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या सुमारे १ लाखावर आली. परंतु पुढे दक्षता ढिली पडली, डासांमध्ये कीटकनाशकास दाद न देण्याची शक्ती आली आणि १९७६ साली रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. यावरून एक गोष्ट सिद्ध होते. फवारणी बाहेरून येऊ शकते. घराभोवतालच्या पाण्यावरील नजर मात्र घरच्यांनीच ठेवावी लागते. भारताने २०३० पर्यंत हिवताप दूर करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते गाठावयाचे तर ही नजर प्रत्येक घरात तयार झाली पाहिजे.

डासांची उत्पत्तिस्थाने

हिवतापाचा प्रसार ॲनॉफिलीस जातीची मादी करते. ती सूर्यास्तापासून पहाटेपर्यंत चावते आणि बहुधा स्वच्छ, साचलेल्या किंवा संथ पाण्यात अंडी घालते. मुसळधार पावसात बऱ्याच अळ्या वाहून जातात; पावसाने उघडीप दिली की धोका वाढतो. जिल्ह्यात पुढील ठिकाणे विशेष पाहावीत : वापरात नसलेल्या विहिरी, पाणी साचलेल्या जांभ्याच्या चिरेखाणी, कलमांच्या बागेतील फवारणीच्या पाण्याच्या टाक्या, बांधकामावरील हौद, झाकण नसलेली पिंपे आणि पऱ्याच्या कडेची संथ डबकी.

पाठाची मांडणी

पाठ एका दिवसात उरकू नये. आठवड्याच्या अंतराने तीन तासिका घ्याव्यात. जून महिना हिवतापविरोधी मास म्हणून पाळला जातो व त्याच सुमारास शाळा उघडतात. २० ऑगस्ट हा दिवसही सोयीचा आहे. १८९७ साली याच दिवशी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू आढळले. वाईट हवेने ताप येतो हा समज तोपर्यंत प्रचलित होता. रॉस यांचा हा शोध मुलांना आवडतो व पुढील पाठ समजण्यास सोपा जातो.

पहिल्या तासिकेत काचेच्या बरणीत अळ्या दाखवाव्यात. ॲनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशी समांतर, आडवी राहते. क्युलेक्सची अळी डोके खाली करून तिरकी लोंबते. हा फरक मुले एकदा पाहिल्यावर विसरत नाहीत. दुसऱ्या बरणीत चार अळ्या व एक गप्पी मासा सोडावा आणि काय घडते ते मुलांनाच सांगू द्यावे. बरणीचे तोंड पातळ फडक्याने घट्ट बांधावे व तासिका संपताच उरलेल्या अळ्या कोरड्या जमिनीवर ओताव्यात.

दुसऱ्या तासिकेत अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण ७ ते १० दिवस लागतात, हे फळ्यावर आकृती काढून समजावावे. यावरूनच आठवड्यातून एक कोरडा दिवस का पाळावयाचा, हे मुले स्वतः ओळखतील. त्या दिवशी भांडी व पिंपे रिकामी करून, घासून, कोरडी करावीत. जे रिकामे करता येत नाही ते झाकावे किंवा त्यात गप्पी मासे सोडावेत. मात्र हे मासे नदीत वा वाहत्या पऱ्यात सोडू नयेत. तेथील मूळच्या माशांना त्यांचा उपद्रव होतो.

तिसऱ्या तासिकेत प्रत्येक मुलाने घराभोवतालच्या पाण्याच्या जागांची यादी वाचून दाखवावी व कोणती जागा कोरडी झाली ते सांगावे.

ताप आल्यास

थंडी वाजून ताप येणे, नंतर घाम येऊन तो उतरणे व पुन्हा येणे ही हिवतापाची लक्षणे होत. परंतु लावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस व डेंग्यू यांचाही ताप येतो. लक्षणांवरून निदान करू नये. ताप येताच आशा कार्यकर्तीकडे किंवा आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे. ताप उतरविणाऱ्या गोळीने ताप उतरतो, रोग जात नाही. फॅल्सिपेरम प्रकारचा हिवताप मेंदूपर्यंत जाऊन प्राणघातक ठरू शकतो. शुद्ध हरपणे, झटके येणे किंवा वारंवार उलट्या होणे, असे दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

व्हायवॅक्स प्रकारात काही जंतू यकृतात दडून राहतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन १४ दिवस दिले जाते. तीन-चार दिवसांत बरे वाटले की रुग्ण शेतावर जातो व गोळ्या फळीवर राहतात. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो. यासाठी मुलांकडून कागदावर १४ चौकोन आखून घ्यावेत. घरात रुग्ण असेल तर मोठ्या माणसाने रोज गोळी द्यावी व मुलाने चौकोनात खूण करावी. गरोदर स्त्रिया व तान्ही मुले यांना ही गोळी देत नाहीत. औषध आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्यानेच घ्यावे.

सावधगिरी

अळ्या आणण्यासाठी मुलांना विहिरीवर किंवा चिरेखाणीवर पाठवू नये. ते काम स्वयंसेवकाने करावे. बागांत राखणीस असलेले नेपाळी कामगार व खाणींवर येणारे परप्रांतीय मजूर यांनी रोग आणला, असे वर्गात बोलू नये. त्यांची मुले त्याच वर्गात बसलेली असू शकतात. दोष लागेल या भीतीने मजूर ताप लपवितो आणि डास मात्र त्याच्याकडून शेजारच्या घरी जातो. बागायतदारांनी आपल्या कामगारांस मच्छरदाणी द्यावी व ताप येताच त्यांचे रक्त तपासून घ्यावे.

मुलांनी किती उत्तरे पाठ म्हटली यावर पाठाचे यश मोजू नये. आठ दिवसांनी वाडीत फेरी मारावी. टाकीवर झाकण आले असेल व कागदावरील चौदाव्या चौकोनात खूण झाली असेल, तर पाठ गावाला समजला असे मानण्यास हरकत नाही.