म्हाताऱ्या रुग्णाकडे पाहण्याची नजर



आपल्या धर्मग्रामातील अनेक मुली, आणि अलीकडे मुलगेही, नर्सिंगचे शिक्षण घेत आहेत. जीएनएमला तीन वर्षे, पदवीला चार. या काळात ते इंजेक्शन देणे, सलाईन लावणे, ड्रेसिंग करणे शिकतात. परंतु खाटेवर म्हातारे माणूस असेल तर त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे ते कोणाकडून शिकतात? या प्रश्नाचा आज आपण थोडा अभ्यास करू या.

१. नजर मोजता येते का?

१९६१ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नेथन कोगन यांनी वृद्धांविषयीच्या ३४ विधानांची प्रश्नावली तयार केली. निम्मी विधाने अनुकूल, निम्मी प्रतिकूल. पुढे अनेक देशांत ती नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना देण्यात आली. बहुतेकांच्या मनात वृद्धांविषयी तिटकारा नसतो, असे सहसा दिसते. मात्र पुढे कोणत्या विभागात काम करायला आवडेल असे विचारले, की वृद्धांची सेवा बहुधा यादीच्या तळाशी जाते.

याचे कारण समजण्यासारखे आहे. विद्यार्थ्याला वॉर्डात भेटतो तो केवळ आजारी वृद्ध. त्याला उचलणे, कुशीवर वळवणे, बेडपॅन देणे एवढेच काम वाट्याला येते. घर सांभाळणारा, बाजारहाट करणारा वृद्ध त्याला तेथे दिसत नाही. मग म्हातारपण म्हणजेच आजार, असे समीकरण मनात बसते.

२. नजर चुकली की धोका वाढतो

समजा, कालपर्यंत नीट बोलणाऱ्या ७८ वर्षांच्या आजी आज अचानक असंबद्ध बोलू लागल्या. ‘वय झाले, चालायचेच,’ असे मानणारी विद्यार्थिनी पुढच्या खाटेकडे वळेल. जाणती विद्यार्थिनी ताबडतोब सिस्टरला सांगेल. कारण असा अचानक गोंधळ लघवीच्या संसर्गाने, न्यूमोनियाने, अंगातील पाणी कमी झाल्याने किंवा एखाद्या नव्या औषधानेही होतो. वेळीच उपचार झाले तर पुष्कळदा तो बरा होतो. वृद्धांना संसर्ग झाला तरी कधी ताप येत नाही; हृदयविकाराचा झटका आला तरी कधी छातीत दुखत नाही.

ज्याला आपण आधीच ‘संपलेला’ मानतो, त्याचे काही बिघडले आहे हे आपल्याला दिसतच नाही. म्हणून आदर हा केवळ शिष्टाचार नव्हे. नीट पाहण्याची ती पहिली अट आहे.

३. ज्यांनी वेगळे पाहिले

१९३५ साली लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरेन यांच्याकडे जुन्या गरीबगृहाच्या इस्पितळातील शेकडो दीर्घकालीन रुग्ण सोपवण्यात आले. त्यांतले बरेच वृद्ध अंथरुणाला खिळलेले होते. वॉरेन यांनी प्रत्येकाची तपासणी केली, त्यांना हालचाल करायला लावली. अनेकजण उठून चालू लागले, काही घरीही गेले.

डोरीन नॉर्टन या तर परिचारिकाच. १९६२ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह वृद्ध रुग्णांच्या शुश्रूषेचा अभ्यास प्रसिद्ध केला. रुग्णाची शारीरिक स्थिती, मानसिक स्थिती, चालणे-फिरणे, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना प्रत्येकी १ ते ४ गुण द्यायचे. २० पैकी १४ किंवा कमी गुण मिळाले तर पाठीला जखमा होण्याचा धोका अधिक. ज्या कामाला ‘नुसते कूस बदलणे’ म्हणतात, तेही अभ्यासाचे काम आहे हे त्यांनी दाखवून दिले.

४. आपण काय करावे?

आम्हांला वाटते, याची सुरुवात घरातूनच व्हावी. आजी-आजोबांच्या पाठीमागे आपण ज्या शब्दांत बोलतो, तेच शब्द मुले वॉर्डात घेऊन जातात. घरात नर्सिंग शिकणारे कोणी असेल तर त्याला शेजारच्या ठणठणीत वृद्धांकडेही पाठवा. काम नसताना, केवळ गप्पांसाठी. आणि विद्यार्थी मित्रांनो, ‘आजी’ म्हणून जरूर हाक मारा, पण लहान बाळाशी बोलावे तसे बोलू नका. त्यांना काय हवे, हे मुलाला किंवा सुनेला विचारण्याआधी त्यांनाच विचारा.

गटचर्चेसाठी प्रश्न

१. ‘वय झाले’ असे म्हणून आपल्या घरात कोणते दुखणे अंगावर काढले जात आहे?
२. आपल्या वाडीतील कोणत्या वृद्ध व्यक्तीशी या आठवड्यात कोणीच बोललेले नाही?