दहा वाजून दहा मिनिटांवर हात

बाळा, गाडी घेतलीस. जुनी कोरोला असली तरी स्वतःच्या कमाईची आहे. तुझ्या बाबाला फोनवर सांगताना मलाच भरून आलं. आता तू तीच गाडी रोज रटगर्स युनिव्हर्सिटीला नेणार, सुट्टीत टर्नपाइकवरून मित्रांकडे जाणार. म्हणजे आज ना उद्या आरशात लाल-निळे दिवे फिरताना दिसणारच. त्या दिवशी काय करायचं ते आजच सांगून ठेवते. दिवे दिसल्यावर डोकं चालत नाही, अंगवळणी पडलेलं असेल तेवढंच हातून होतं.

मी बावीस वर्षं न्यू जर्सीतल्या छोट्या-छोट्या म्युनिसिपल कोर्टांत दुभाषाचं काम केलं. वाहतुकीचं तिकीट घेऊन आलेली आपली किती माणसं पाहिली! साधी, शिकलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ज्यांचं प्रकरण चिघळलं त्यांतल्या बहुतेकांनी गुन्हा असा काही केलाच नव्हता. भारतातल्या सवयीनं वागले, एवढंच.

त्यातली पहिली सवय म्हणजे गाडीतून उतरणं. पुण्यात हवालदारानं शिट्टी मारली की आपण स्कूटर बाजूला लावतो आणि लायसन्स घेऊन त्याच्याकडे चालत जातो. ते मान देणं असतं. 1989 च्या हिवाळ्यात तुझ्या काकांनी इथे तेच केलं. आमच्या गाडीचा मागचा एक दिवा गेलेला होता आणि रात्रीची वेळ होती. पोलिसानं थांबवलं, हे दार उघडून उतरले आणि लायसन्स काढायला कोटाच्या आतल्या खिशात हात घालत त्याच्याकडे निघाले. तो अंधारातून ओरडला. त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेलेला मी आतून पाहिला. यांनी दोन्ही हात वर केले आणि तसेच उभे राहिले. पुढे काही झालं नाही, ताकीद देऊन सोडलं. पण खिशातला हात पाहून त्या पोलिसाला काय वाटलं असेल, हे मला त्या रात्री कळलं आणि झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींना सांगितलं. कृष्णवर्णीय, निवृत्त शिक्षिका. त्यांनी मला स्वयंपाकघरात खुर्चीवर बसवलं, जेवणाची एक थाळी हातात दिली आणि हेच तुझं स्टिअरिंग म्हणाल्या. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाल्यावर काटे असतात तिथे हात ठेव. मी ठेवले. आता लायसन्स काढ म्हणाल्या. मी पर्सकडे वळले तर माझं मनगट धरलं. आधी तोंडानं सांगायचं, परवानगी येऊ द्यायची, मग एकच हात हलवायचा, तोही हळू. त्यांनी माझ्याकडून हे पाच-सहा वेळा करून घेतलं. त्यांची मुलं सोळा वर्षांची झाली तेव्हा त्यांनी दोघांनाही असंच त्याच खुर्चीवर बसवलं होतं, आणि त्यांच्या वडिलांनी त्यांच्या भावांना. हा कानमंत्र मूळचा माझा नाही, त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मी फक्त पुढे देते आहे.

म्हणून दिवे दिसले की सिग्नल दे, वेग कमी कर, उजवीकडे उजेडाची जागा बघून थांब. इंजिन बंद कर. रात्र असेल तर आतला दिवा लाव. काच खाली घे आणि हात दहा-दहावर ठेव. पट्टा सोडू नकोस. तो येईपर्यंत पट्टा सुटलेला दिसला तर तू लावलाच नव्हतास असं तो लिहील आणि तुला ते खोडता येणार नाही. लायसन्स, रजिस्ट्रेशन आणि विम्याचं कार्ड, तिन्ही मागितल्यावर द्यायची. कागद कुठे आहे ते आधी सांगायचं, मग काढायचा.

आता कायद्याकडे येते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या 130 व्या कलमानं गणवेशातला कुठलाही पोलीस सार्वजनिक रस्त्यावर लायसन्स दाखवा म्हणू शकतो. तू काही चुकलास का, हा प्रश्नच तिथे येत नाही. इथे तसं नाही. घटनेच्या चौथ्या दुरुस्तीप्रमाणे गाडी थांबवणं म्हणजे माणसाला अडकवून ठेवणंच धरलं जातं, आणि त्याला कारण लागतं. 1979 मध्ये डेलावेअरच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टानं हे स्पष्ट केलं. तिथल्या पोलिसानं काहीही चूक नसताना, नुसते कागद बघायला म्हणून गाडी थांबवली होती. कोर्ट म्हणालं, असं मनाला येईल तेव्हा थांबवता येणार नाही. एकतर नियम मोडलेला दिसला पाहिजे, नाहीतर शब्दांत सांगता येईल असा ठोस संशय पाहिजे. त्याला इथे रीझनेबल सस्पिशन म्हणतात. नुसती शंका आली, माणूस बरा वाटला नाही, एवढं पुरत नाही.

हे ऐकून छाती फुगवू नकोस. कारण लागतं हे खरं, पण ते किती बारीक चालतं हे ज्यांना माहीत नव्हतं ते पुढे माझ्या शेजारी उभे राहून जज्जला उत्तरं देत होते. 1996 च्या व्रेन खटल्यात कोर्ट एकमतानं म्हणालं की पोलिसाच्या मनात काय होतं ते आम्ही बघणार नाही. सिग्नल न देता वळलात ना, मग थांबवणं कायदेशीर. म्हणजे त्याला तुझ्या गाडीत काय आहे ते बघायचं असलं तरी तो मागेमागे येऊन एका चुकीची वाट पाहू शकतो. 2014 चा नॉर्थ कॅरोलायनाचा खटला तर याच्याही पुढचा. एक ब्रेकलाइट जळत नव्हता म्हणून गाडी थांबवली. त्या राज्याच्या कायद्यानं एकच दिवा चालू असला तरी पुरत होतं, म्हणजे पोलीसच चुकला होता. तरी चूक समजण्यासारखी आहे म्हणून कोर्टानं ते थांबवणं ग्राह्य धरलं. मला हा निकाल कधीच पटला नाही. कायदा माहीत नव्हता हे आपण म्हटलं तर चालत नाही, मग पोलिसाला का चालावं? पण कायदा आज तोच आहे आणि तुला त्यातच गाडी चालवायची आहे.

म्हणून पोलिसाला कारण मिळू द्यायचं नाही. स्टॉप साइनला चाकं पूर्ण थांबली पाहिजेत. आपल्याकडे हळू करून पुढे सरकतात, ते इथे तिकिटाचं काम. वायपर चालू केले की हेडलाइट लावायचे, न्यू जर्सीत तसा नियमच आहे. डाव्या लेनमधून ओव्हरटेक करून परत उजवीकडे यायचं. फोन हातात घ्यायचा नाही, सिग्नलला उभा असलास तरी नाही.

नंबरप्लेटभोवती डीलरनं जाहिरातीची फ्रेम लावली असेल तर ती काढून टाक. तिच्याखाली प्लेटवरची अक्षरं झाकली जातात आणि त्यावरून कितीतरी गाड्या थांबवल्या गेल्या. 2021 मध्ये आपल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं चांगला निकाल दिला की मजकूर वाचता येत असेल तर नुसत्या फ्रेमवरून थांबवता येणार नाही. त्या खटल्यात पोलिसाची चूक समजण्यासारखी होती हा बचावही त्यांनी मानला नाही. मला फार बरं वाटलं होतं. पण निकाल लागेपर्यंत त्या माणसाची वर्षं गेली. तुझी फ्रेम स्क्रूड्रायव्हरनं दोन मिनिटांत निघेल.

आणि आरशाला लटकवलेला गणपती. वहिनीनं तो मुद्दाम पाठवला आहे, मला माहीत आहे. पण समोरचं दिसायला अडथळा होईल असं काही काचेपुढे लटकवू नये असे कायदे बऱ्याच राज्यांत आहेत, आणि मोती, माळ, जपमाळ, सुगंधी कागदाचं झाड, काहीही त्यात बसवता येतं. व्हर्जिनियानं 2021 पासून फक्त एवढ्या कारणावरून गाडी थांबवायची नाही असं ठरवलं, पण तू सगळ्या राज्यांतून फिरणार. गणपती डॅशबोर्डवर खाली बसव. तिथूनही तो तुझ्याकडे बघेल.

मित्राची गाडी मागून घेताना त्याचं लायसन्स चालू आहे ना, हे विचार. मालकाचं लायसन्स रद्द झालेलं आहे एवढं कॉम्प्युटरवर दिसलं तरी गाडी थांबवता येते, असं सुप्रीम कोर्टानं 2020 मध्ये कॅन्ससच्या खटल्यात म्हटलं. चालवणारा मालकच असेल असं गृहीत धरायची पोलिसाला मुभा आहे. दारू तपासायची नाकी हा वेगळा प्रकार. तिथे कारण लागत नाही, सगळ्याच गाड्या ठरलेल्या पद्धतीनं थांबवतात आणि 1990 पासून सुप्रीम कोर्टाची त्याला मान्यता आहे. ज्या मिशिगनमधून तो खटला आला, तिथल्याच राज्य न्यायालयानं मात्र पुढे आपल्या राज्यघटनेच्या आधारानं ही नाकी बंद केली.

थांबवल्यावर पोलीस बहुधा पहिल्यांदा विचारतो की तुला कशासाठी थांबवलं ते माहीत आहे का. इथे आपली माणसं गडबडतात. कुणी म्हणतं, साहेब, जरा स्पीड जास्त होता. झालं, कबुली झाली आणि ती लिहून घेतली जाते. खोटं कधी बोलायचं नाही. 'नो, ऑफिसर' एवढं म्हणायचं आणि त्याला सांगू द्यायचं. मग कारण नीट ऐक, मनात पक्कं कर, पुढे त्याचा उपयोग आहे. गाडीतून उतर म्हणाला तर उतरायचं. 1977 पासून तसा हुकूम द्यायचा त्याला अधिकार आहे, आणि 1997 च्या निकालानं शेजारी बसलेल्यांनाही. तिथे वाद घालू नकोस.

झडतीची गोष्ट वेगळी आणि ही मी तुला दोनदा सांगणार. गाडीत बघू का, असं विचारतो तेव्हा तो खरोखर विचारत असतो, कारण त्याला तुझी परवानगी हवी असते. आपल्याला लहानपणापासून मोठ्यांना नाही म्हणायचं नाही असं शिकवलेलं, म्हणून आपण हो म्हणून जातो. नाही म्हणायचा हक्क तुला आहे, हे सांगायची त्याच्यावर सक्ती नाही. 1973 पासून तसंच आहे. न्यू जर्सीत 2002 पासून विचारायच्या आधीच त्याच्याकडे संशयाला जागा असावी लागते, पण बाकीच्या बहुतेक राज्यांत तेवढंही लागत नाही. शांतपणे म्हणायचं, 'ऑफिसर, आय डू नॉट कन्सेंट टू अ सर्च.' तरी त्यानं झडती घेतली तर आडवं जायचं नाही, फक्त तेच वाक्य पुन्हा म्हणायचं. फोन अनलॉक करून देऊ नकोस. 2014 पासून फोनमधलं बघायला वॉरंट लागतं.

तिकीट लिहून झालं, कागद परत आले, की थांबवण्याचं काम संपलं. त्यानंतर अमली पदार्थ हुंगणारा कुत्रा येईपर्यंत कारणाशिवाय ताटकळत ठेवता येत नाही, हे 2015 मध्ये नेब्रास्काच्या खटल्यात ठरलं. तिथे सात-आठ मिनिटांचाच प्रश्न होता. पण कागद परत देता-देता तो सहज म्हणून आणखी एक विचारेल आणि आता तू मोकळा आहेस हे सांगणार नाही. तेही सांगायचं बंधन त्याच्यावर नाही. म्हणून तूच विचार, 'अ‍ॅम आय फ्री टू गो?'

पैशाचं नाव काढू नकोस. मिटवून टाकू या, चहापाण्याचं बघतो, असला एक शब्दही नको. तिकीट शे-दोनशे डॉलरचं असतं आणि लाच देऊ करणं हा मोठा गुन्हा आहे. परदेशी विद्यार्थ्याला तो आयुष्यभर पुरेल. दारू पिऊन चालवल्याबद्दल नुसती अटक झाली, शिक्षा झाली नाही, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो, तेही लक्षात ठेव. आणि आय-94 ची, म्हणजे देशात प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रत पाकिटात असू दे, 18 वर्षांवरच्या बिगरनागरिकानं नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा कायदा आहे.

तुझ्या रंगाकडे बघून थांबवलं असं वाटलं तर? तसं होतं, मी नाही म्हणणार नाही. याच टर्नपाइकवर कृष्णवर्णीय चालकांना वेचून थांबवतात असं न्यू जर्सीच्याच एका जज्जनं 1996 मध्ये लिहिलं, आणि 1999 पासून दहा वर्षं राज्य पोलिसांवर केंद्राची देखरेख होती. ती देखरेख रस्त्यावर भांडून आली नाही. पोलिसांनी किती गाड्या थांबवल्या त्याची वकिलांनी मोजदाद केली आणि ती कोर्टात मांडली. म्हणून पुढच्या पार्किंगमध्ये थांब आणि लगेच लिहून काढ: वेळ, जागा, त्यानं सांगितलेलं कारण, बॅज नंबर, कोण काय बोललं. माझ्या कोर्टांत जी दोन-चार प्रकरणं कारणच टिकलं नाही म्हणून सुटली, त्यांत हे लिहिलेलं कामाला आलं. थांबवायलाच आधार नव्हता हे सिद्ध झालं की पुढे गाडीत सापडलेलं सहसा पुराव्यात येत नाही.

शनिवारी गाडी घेऊन इकडे ये. तू आत बसून ब्रेक दाब, मी मागे उभी राहून तिन्ही दिवे लागतात का बघते. फ्रेमही काढू. आणि जेवायला बसायच्या आधी तुझ्या हातात थाळी देणार आहे, रिकामी.