निकाहचा फोटो आणि पन्ह्याचा हिशेब

लग्नाचा हंगाम आला की आमच्याकडे येणाऱ्या होतकरू फोटोग्राफर मुलांची तक्रार एकच असते. कॅमेरा महागाचा घेतला, लेन्सही चांगली घेतली, तरी हॉलमधले फोटो कधी हललेले येतात, कधी मागची रांग पुसट येते, तर कधी पांढरी शेरवानी मळकट दिसते. कॅमेरा हातात घेऊन पाहावे तर डायल ‘ऑटो’वर! गिऱ्हाइकाला काय हवे आहे ते कॅमेऱ्याला कळत नाही. म्हणून शटर आणि अपर्चर यांचा मेळ आपला आपण कसा घालावा, हे आज पाहू.

शटर ठरवते उजेड किती वेळ आत येणार, आणि अपर्चर ठरवते लेन्समधले छिद्र किती उघडे राहणार. कापडाच्या धंद्यातल्या बांधवांना हे लगेच समजेल. सदऱ्याला जेवढे कापड लागते तेवढे लागतेच. पन्हा मोठा असेल तर कमी लांबी पुरते, पन्हा निम्मा असेल तर लांबी दुप्पट मोजावी लागते. अपर्चर हा पन्हा समजा आणि शटर ही लांबी.

अपर्चरचे आकडे असे चालतात : १.४, २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. आकडा वाढला की छिद्र लहान होते, आणि इथेच नवशिके गोंधळतात. वास्तविक हा आकडा भागाकाराचा आहे. ५० मिलिमीटरच्या लेन्सवर २ लावले तर छिद्र २५ मिलिमीटरचे, ४ लावले तर साडेबारा मिलिमीटरचे. शटरच्या पायऱ्या १/३०, १/६०, १/१२५, १/२५०, १/५०० अशा. एकीकडे एक पायरी उजेड कमी केला की दुसरीकडे एक पायरी वाढवायचा, इतकाच हिशेब. ४ वर १/१२५ आणि ५.६ वर १/६० यांत उजेड सारखाच येतो.

मग कोणतीही जोडी लावली तर काय बिघडले? बिघडते, आणि ते आम्ही स्वतः भोगले आहे. रोलच्या जमान्यात एका निकाहला फ्लॅशने ऐनवेळी दगा दिला. आम्ही अपर्चर २ पर्यंत उघडले, शटर १/६० ठेवले आणि तीन रांगांचा ग्रुप फोटो काढला. उजेड अगदी बरोबर पडला. पण रोल धुऊन आला तेव्हा पुढे बसलेला नवरदेव स्वच्छ, आणि मागच्या रांगेत उभे असलेले त्याचे आजोबा धूसर. काही महिन्यांनी आजोबांचा इंतकाल झाला. घरच्यांना त्यांचा फोटो मोठा करून हवा होता, आणि त्या दिवसाचा त्यांचा तो एकच फोटो आमच्याकडे होता. पैसे आम्ही परत केले, पण फोटो कुठून आणणार?

छिद्र मोठे असले की ज्या अंतरावर नेम धरला तेवढेच स्पष्ट येते, त्याच्या पुढचे-मागचे विरघळते. छिद्र लहान केले की जास्त खोलीपर्यंत स्पष्ट येते. छिद्राचा हा गुण फार जुना माहीत आहे. इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात ग्रहणातल्या सूर्याचे बिंब भोकातून पडद्यावर पाडून पाहिले. भोक बारीक असेल तर कोर उमटते, मोठे केले की ती गोल होत जाते, हे त्यांनी लिहून ठेवले आहे. त्या दिवशी आम्ही कॅमेरा तिपाईवर ठेवून, अपर्चर ४ आणि शटर १/१५ लावून, मंडळींना क्षणभर स्तब्ध राहायला सांगितले असते आणि मधल्या रांगेवर नेम धरला असता, तर आजोबा आले असते.

आज तिसरी सोय हाताशी आहे ती आयएसओची. रोलमध्ये तो बदलता येत नव्हता. समजा, हॉलमध्ये आयएसओ ८०० ला मीटर २.८ आणि १/१२५ सांगतो. तीन रांगांसाठी ५.६ हवे, म्हणजे दोन पायऱ्या उजेड गेला. शटर १/३० केले तर माणसे हलणार. तेव्हा आयएसओ ३२०० करावा आणि शटर होते तिथेच ठेवावे. फोटोत थोडे दाणे दिसतील. दाणेदार चेहरा गिऱ्हाईक घेते, हललेला घेत नाही.

हॉलमधल्या ट्यूबा आणि स्वस्त एलईडी दिवे आपल्याकडच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण १/५०० ला फोटोवर पट्टे उमटतात. अशा ठिकाणी १/१०० किंवा १/५० बरे.

मीटरवरही आंधळा विश्वास नको. तो समोरचे सगळे मध्यम करड्या रंगाचे धरून चालतो. म्हणून पांढरी शेरवानी मळकी येते आणि काळा बुरखा राखाडी येतो. चौकटीत पांढरे जास्त असेल तर मीटर सांगतो त्यापेक्षा एक पायरी उजेड वाढवावा, काळे जास्त असेल तर एक पायरी कमी करावा.

आपल्या मालाचे फोटो स्वतः काढणाऱ्या कारागिरांचे काम त्यामानाने सोपे. तांब्याचे भांडे किंवा चप्पल हलत नाही. तिपाईवर कॅमेरा ठेवून अपर्चर ११ करा, शटर पाव सेकंद लागले तरी चिंता नाही. नक्षी कडेपर्यंत स्पष्ट येईल. मोबाइलमध्ये बहुधा अपर्चर बदलत नाही, तिथे शटर आणि आयएसओ यांवरच भागवावे.

सराव भर उन्हात सुरू करा. आयएसओ १००, अपर्चर १६, शटर १/१२५. मग ११ व १/२५०, नंतर ८ व १/५००. दुकानासमोर उभे राहून, जवळ एक सायकल उभी करून, धावत्या रिक्षाचे फोटो घ्या आणि तिन्ही फोटो मोठे करून शेजारी-शेजारी ठेवा. रिक्षाची चाके आणि मागच्या पाटीवरची अक्षरे पाहा. मग हेच संध्याकाळी दुकानातल्या ट्यूबखाली करा. आता रोलचा खर्च नाही, त्यामुळे कोणाच्या निकाहला जाण्याआधी असे दोनशे फोटो वाया घालवायला हरकत नाही.